दीर्घ बालपणाचे वरदान
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



मनुष्य आधी बुद्धिमान झाला आणि मग ताठ उभा राहिला, की आधी उभा राहिला आणि मग बुद्धिमान झाला? या प्रश्नाचे उत्तर एका लहान मुलाच्या कवटीने दिले.

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील चुनखडीच्या खाणीतून निघालेले काही दगड जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्याकडे आले. त्यांतील एका दगडाला चक्क मेंदूचा आकार होता. कवटीच्या पोकळीत गाळ भरून त्याचा दगड बनला होता आणि मेंदूच्या वळ्यांचे ठसे त्यावर उमटले होते. त्याच्याशी जुळणारा चेहरा दुसऱ्या दगडात रुतलेला होता. विणकामाच्या सुयांना टोक काढून डार्ट यांनी तो काही आठवड्यांत मोकळा केला, तेव्हा दुधाचे दात असलेले बालमुख प्रकट झाले. हे मूल मृत्युसमयी तीन-चार वर्षांचे असावे, असे आज मानले जाते. त्याचा काळ वीस लाख वर्षांहून कितीतरी मागचा आहे.

या कवटीच्या तळाशी असलेल्या एका छिद्राने डार्ट यांचे लक्ष वेधले. मेंदूचा सर्वांत खालचा भाग म्हणजे मस्तिष्कपुच्छ. श्वास आणि हृदयाचे ठोके यांचे नियमन तो करतो. तेथून मेरुरज्जू सुरू होतो आणि कवटीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडून पाठीच्या कण्यात उतरतो. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचे डोके कण्याच्या पुढे असते, म्हणून हे छिद्र कवटीच्या मागच्या बाजूस असते. माणसाचे डोके कण्यावर तोललेले असते, म्हणून ते बरोबर खाली असते. टाउंगच्या मुलाचे छिद्र वानरांच्या तुलनेत बरेच पुढे सरकलेले होते. म्हणजे हे मूल दोन पायांवर चालत असले पाहिजे. मेंदूचे आकारमान मात्र सुमारे ४०० घनसेंटिमीटर, जवळपास चिंपांझीइतकेच होते. प्रौढ माणसात ते सरासरी १,३५० च्या आसपास असते.

फेब्रुवारी १९२५ मध्ये डार्ट यांनी 'नेचर' या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला आणि या प्राण्याला 'ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस' हे नाव दिले. बहुतेक नामवंतांनी ते वानराचे पिल्लू ठरवले. मोठा मेंदू हाच मानवत्वाचा प्रारंभ, ही समजूत तेव्हा दृढ होती. १९१२ मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडमधील पिल्टडाउन येथील 'अवशेषां'चा तिला आधार होता. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र करून केलेली ती लबाडी १९५३ मध्ये उघडकीस आली. पुढे इथिओपियात १९७४ साली 'लूसी'चा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. टांझानियातील लाएतोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले सापडली. पाय आधी सरळ झाले, मेंदू नंतर वाढला, हे त्यांनी निर्विवाद केले. मेंदूची मोठी वाढ मुख्यतः गेल्या वीस लाख वर्षांतली आहे.

या वाढीबरोबर बालपणही लांबत गेले. जन्मताना चिंपांझीच्या पिल्लाचा मेंदू प्रौढ आकाराच्या सुमारे ४० टक्के असतो, मानवी अर्भकाचा ३० टक्क्यांहूनही कमी. उरलेली वाढ जगात आल्यावर, माणसांच्या सहवासात व्हायची असते.

ती होते तरी कशी? मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. चेतापेशीला फांद्यांसारख्या वृक्षिका असतात. त्या संदेश स्वीकारतात. एक लांब अक्षतंतू तो विद्युतस्पंदनाच्या रूपाने पुढे नेतो. दोन पेशींच्या मधली सूक्ष्म फट सहसा रासायनिक द्रव्ये ओलांडतात. बहुतेक चेतापेशी जन्मतःच असतात, परंतु त्यांच्यातील जोडण्या प्रामुख्याने नंतर तयार होतात. बालपणी त्या गरजेहून अधिक निर्माण होतात. वापरातल्या टिकतात, बिनवापराच्या पुष्कळशा गळून जातात. अक्षतंतूंवर हळूहळू मेदाचे आवरण चढते आणि संदेशाचा वेग अनेक पटींनी वाढतो. योजना आखणे, आवेग आवरणे ही कामे पाहणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी उलटल्यावरही पक्व होत असतो.

या घडणीचा एक दाखला मराठी माणसाला जवळचा वाटेल. १९८४ मध्ये कॅनडातील संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतील 'त' आणि 'ट' या ध्वनींतील भेद अर्भकांना कळतो का, हे तपासले. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना नाही. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांनी मात्र तो टिकवला होता. 'ताक' आणि 'टाक' यांतील अंतर मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही, कारण ते त्याने पाळण्यातच ऐकलेले असते. दोन भाषा ऐकत वाढणारी मुले दोन्ही भाषांतील भेद आत्मसात करतात, हेही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून परप्रांतात राहणाऱ्या पालकांनी घरच्या मराठीमुळे बाजारातली किंवा कचेरीतली भाषा मागे पडेल, ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आपोआप टिकत नाही ती कानावर न पडणारी भाषा.

दीर्घ बालपण हे जोखमीचेही असते. टाउंगच्या मुलाच्या नेत्रखोबणींतील खुणांवरून त्याला एखाद्या मोठ्या गरुडाने उचलले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. इतका काळ परावलंबी राहणाऱ्या जीवाला भरवणारे, राखणारे आणि शिकवणारे अनेक हात लागतात. आईवडिलांबरोबर आजी-आजोबा, शेजारी आणि पुढे शाळा हे काम वाटून घेतात. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्या पिढ्यांनीही हेच केले. पाचव्या वर्षी मागे वाटणारे मूल पंधराव्या वर्षी पुढे असू शकते, हे येथील शिक्षकांनी अनुभवाने जाणले आहे. चेतापेशींचा अभ्यास त्याला दुजोराच देतो. मुलाला पुरेसा वेळ, पुरेसे बोलणे आणि चुकण्याची मुभा मिळावी, एवढीच या विज्ञानाची पालकांकडे मागणी आहे.