माई : गुरू आणि माता
(श्रींच्या वर्धापनदिनोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या सभामंडपात उभे राहून एका मातेचे स्मरण करण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी देवस्थान समितीचा अत्यंत ऋणी आहे. ती माता म्हणजे आपल्या गोमंतकातील कुर्डी गावची कन्या, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. त्यांची कीर्ती गाण्यासाठी मी येथे उभा नाही. १९६८ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ सालचे पद्मभूषण यांनी ते कार्य केव्हाच केले आहे. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या विद्यादानाविषयी, आणि त्या ओघाने आपल्या देवळांवर असलेल्या एका ऋणाविषयी.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा. मुलीने मोठी गायिका व्हावे, हा त्यांच्या मातोश्री जयश्रीबाई यांचा एकच ध्यास होता. गाण्याचे पहिले धडे बालवयात जांबावलीच्या देवळाच्या आश्रयाने मिळाले. पुढे चंद्रेश्वर भूतनाथाच्या नावाने चालणाऱ्या नाटक मंडळीत प्रवेश झाला. १९१४ साली आई निवर्तली आणि दहा वर्षांची मुलगी पोरकी झाली. नंतर सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने ‘सौभद्रा’तील सुभद्रा आणि ‘पुण्यप्रभावा’तील किंकिणी या भूमिका केल्या, परंतु तेही छत्र टिकले नाही.

आजारपणात उपचारांसाठी सांगलीस नेले असता दैव उघडले. मुलगी मेहनत करीत असता रस्त्याने जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तिचा स्वर ऐकला आणि आपण होऊन शिकविण्यास प्रारंभ केला. हे गृहस्थ म्हणजे साक्षात अल्लादियाखाँसाहेब, हे तिला पुष्कळ दिवस ठाऊकही नव्हते, असे सांगतात. दीड वर्षाने खाँसाहेब मुंबईस गेले. विद्येच्या ओढीने तीही मागोमाग गेली. तेथे अडथळे आले, तालीम खंडित झाली. आग्रा घराण्याचे बशीरखाँ व विलायत हुसेनखाँ, त्यानंतर अल्लादियाखाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ, असा प्रवास होऊन अखेर १९३४ साली अल्लादियाखाँसाहेबांनी गंडा बांधला. सांगलीच्या पहिल्या धड्यापासून बारा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मंडळी, जी विद्या इतक्या दारांशी उभे राहून मिळवावी लागली, ती देताना मोगूबाई कठोर का होत्या, हे यावरून ध्यानी यावे.

पुढे संसाराचा भारही एकटीवर पडला. पती माधवदास भाटिया निवर्तले तेव्हा थोरली किशोरी अवघी सहा-सात वर्षांची होती. तिच्या पाठीवर ललिता आणि उल्हास. मैफली आणि शिकवण्या यांवर माईंनी तिन्ही मुलांना वाढविले. किशोरीताईंनी पुढे सांगितले आहे की, माई स्थायी आणि अंतरा दोनदाच म्हणून दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत चिजेचे प्रत्येक वळण टिपावयाचे. घरात आई आणि तालमीला गुरू, अशी तेथे वाटणी नव्हती. तंबोरा जुळला की मुलगीही शिष्याच बनत असे.

परंतु या कठोरपणात संकुचितपणा नव्हता. जयपूर घराण्याची तालीम घरात असूनही माईंनी मुलीला अन्वर हुसेनखाँ, अंजनीबाई मालपेकर, शरच्चंद्र आरोलकर अशा निरनिराळ्या परंपरांतील गुरूंकडे शिकावयास धाडले. आपल्या अपत्याला दुसऱ्या गुरूच्या हाती सोपविण्यास मन मोठे लागते. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशी नामवंत शिष्यमंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. ‘घरंदाज गायकी’चे लेखक वामनराव देशपांडे हेही त्यांचेच शिष्य.

या थोर स्त्रीला जगाने कसे वागविले, हेही सांगितले पाहिजे. किशोरीताई लहानपणापासून तंबोऱ्यावर आईच्या साथीला जात. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कोणाच्या तरी घरी उतरणे, तुटपुंजी बिदागी, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मनात ठेवले. पुढे स्वतःच्या मैफलीत मानाविषयी त्या इतक्या काटेकोर का होत्या, असे पुष्कळांना वाटे. कोणी त्यांस तऱ्हेवाईकही म्हणत. ज्या मुलीने आईचा उपमर्द पाहिला होता, तिने तो मान कलेच्या नावे परत मागितला, असे मी समजतो. माई १० फेब्रुवारी २००१ रोजी गेल्या. किशोरीताईही ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या.

आता आपल्या ऋणाविषयी. ज्या समाजात मोगूबाई जन्मल्या, त्या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या आपल्या देवळांतून गायनसेवा केली. पालखीपुढे त्यांचा स्वर, उत्सवात त्यांचे गाणे. आपल्या दप्तरी महाजनांच्या वंशावळी आहेत, दीपमाळ कोणी बांधली, घंटा कोणी अर्पण केली, याच्या नोंदी आहेत. गाणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र त्यांत शोधून सापडत नाहीत. सेवा घेतली, मान दिला नाही. हे आपण श्रींसमोर तरी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

कुर्डी गाव आज साळावली धरणाच्या जलाशयात आहे. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगडन् दगड सोडवून धरणानजीक पुन्हा उभारले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की विस्थापित गावकरी सोमेश्वरापाशी जमतात, उत्सव करतात. मोगूबाईंच्या घराच्या खुणाही तेथे दाखवितात. पावसाळा आला की सारे पुन्हा पाण्याखाली. आठवणींचेही असेच आहे. वयोवृद्धांबरोबर त्या जातात आणि परत वर येत नाहीत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना या देवळात सेवा केलेल्या ज्या गायिकांची नावे आठवत असतील, ती आज विचारून लिहून घ्यावीत. त्यांच्या वंशजांना मानाने भेटावे आणि त्यांच्या संमतीने ती नावे देवस्थानच्या दप्तरी नोंदवावीत. पुढील स्मरणिकेत महाजनांच्या यादीशेजारी ती यादी छापली गेली, तर माईंचे खरे स्मरण घडले असे मी मानीन.