मेलेल्या शेळीचा पंचनामा



आम्हाला विषय देण्यात आला आहे तो आपत्तीत दगावलेल्या जनावरांच्या सरकारी मदतीचा. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पण दारात चार-सहा शेळ्या आहेत. पोराची फी आणि म्हाताऱ्याचे औषध त्यांच्यावरच निघते.

2024 च्या मृगात मानोरा तालुक्यातील एका वस्तीजवळ झाडावर वीज पडली. एका विधवा भगिनीच्या सात शेळ्या जागीच गेल्या. वास सुटेल म्हणून शेजाऱ्यांनी सायंकाळपर्यंत खड्डा करून त्या पुरल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा पुरावा मातीखाली होता. एका कार्यालयात तर आधी सातबारा मागण्यात आला. भूमिहीन बाईने सातबारा आणावा कोठून? मदतीच्या दरपत्रकात मोजणी जनावरांची आणि कुटुंबाची आहे, एकरांची नाही, हे आम्ही सांगितले. तो मुद्दा सुटला, परंतु शवविच्छेदन नव्हते आणि शेळ्यांच्या कानात बिल्लेही नव्हते. अर्ज परत आला.

2022 ते 2026 या काळासाठी ठरविलेले दर असे होते : दुधाळ गाय-म्हशीस 37,500 रुपये, बैलास 32,000, वासरास 20,000, शेळी-मेंढीस 4,000 आणि कोंबडीस 100 रुपये. एका कुटुंबास मोठी दुधाळ जनावरे तीन किंवा लहान तीस, ही मर्यादा. म्हणजे त्या भगिनीचे 28,000 रुपये बुडाले. बाजारात चांगली शेळी चार हजारांत मिळत नाही, हे वेगळेच. पण तेवढ्यात पुन्हा दोन-तीन पाठी तरी बांधता आल्या असत्या.

बिल्ल्याचे समजून घ्या. बारा आकड्यांचा तो क्रमांक मालकाच्या नावासह भारत पशुधन प्रणालीत नोंदला जातो. 1 जून 2024 पासून राज्यात असा नियम झाला की नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याचा हल्ला यात जनावर मेले आणि कानात बिल्ला नसेल, तर भरपाई नाही. वीज पडली तेव्हा नियमाला जेमतेम काही दिवस झाले होते. वस्तीवर कोणाला पत्ताही नव्हता. नोंद करताना नाव शेळ्या सांभाळणाऱ्या बाईचे घाला. पुण्याला कामाला गेलेल्या नवऱ्याचे नको, कारण पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात पडतात.

2022 साली लम्पी आला तेव्हा राज्याने मेलेल्या गायीस 30,000, बैलास 25,000 व वासरास 16,000 रुपये दिले. तो खास निर्णय होता. शेळी साध्या आजाराने मेली तर या मदतीत ती बसत नाही. उगाच आशा दाखवून तुम्हाला फेऱ्या मारायला लावणे आम्हाला बरे वाटत नाही.

मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी ते काम टाकले. ते गावाचे ढोर होते. ही शेळी आपली आहे. तिला पुरण्याची घाई आपल्यालाच नडली. आधी तलाठ्यास व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा, फोटो काढून ठेवा, पंचनाम्यावर सही झाली की मग माती द्या. आणि पंचनाम्याची नक्कल मागून घ्या.

ज्यांच्या शेळ्यांना अजून बिल्ले नाहीत त्यांनी सभेनंतर नावे लिहून द्यावीत. वही विहाराच्या दाराशी ठेवली आहे. जयभीम.