गोळी लागू पडते आहे, हे कशावरून?

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरतो आणि पुन्हा चालायला लागलं की साधारण तेवढ्याच अंतरावर परत येतो. याला आपल्याकडे सर्रास ‘वात’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं तेल चोळत बसतात. पुष्कळदा हे पायाच्या रोहिण्या आतून अरुंद झाल्याचं लक्षण असतं. चेन्नईतल्या एका वस्तीपाहणीचे आकडे २००० साली प्रसिद्ध झाले. साखर नॉर्मल असलेल्यांत हा विकार २.७ टक्के, तर मधुमेहींत ६.३ टक्के निघाला. निदान झालं की बहुधा ॲस्पिरिन सुरू होते. महिना-दोन महिन्यांनी रोगी म्हणतो, ‘पाय तर तसाच दुखतोय, मग गोळीचा उपयोग काय?’ आणि गोळी बंद करतो. त्याचा प्रश्न रास्त आहे, पण फायदा तो चुकीच्या जागी शोधतो आहे.

ॲस्पिरिन रक्त पातळ करत नाही, अरुंद रोहिणीही रुंद करत नाही. डेंग्यूमुळे घराघरांत माहीत झालेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी धरतात. त्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि ॲस्पिरिन त्या कामाचं विकर कायमचं बंद पाडते. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. रोज नव्या प्लेटलेट येत असतात, म्हणून गोळीही रोज लागते. हा परिणाम मोजता येतो. गुस्टाव्ह बॉर्न यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीत प्लेटलेट असलेल्या गढूळ रक्तद्रवातून प्रकाश सोडतात आणि त्यात ॲराकिडोनिक आम्ल घालतात. प्लेटलेटचे पुंजके झाले की द्रव निवळतो आणि प्रकाश जास्त पार होतो. ॲस्पिरिन लागू असेल, तर द्रव गढूळच राहतो. मूत्रातल्या थ्रॉम्बॉक्सेनच्या अवशेषावरूनही अंदाज बांधता येतो.

मग प्रत्येक रोग्याची ही चाचणी का करू नये? माझ्या मते, सरसकट करू नये. निकाल ‘लागू नाही’ असा आला, तरी कारण बहुतेक वेळा साधंच असतं. सर्वांत मोठं कारण म्हणजे गोळी घेतलीच जात नाही. गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असेल, तर ती कमी किंवा उशिरा शोषली जाऊ शकते. २०१३ मध्ये अमेरिकेत ४०० निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात खरा ‘ॲस्पिरिन-प्रतिरोध’ कोणातही ठामपणे सापडला नाही, आवरणामुळे भासणारा मात्र पुष्कळांत सापडला. गुडघेदुखीसाठी आधी घेतलेली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवते. मधुमेहींत प्लेटलेट लवकर बदलतात, त्यामुळे चोवीस तास सरण्याआधीच परिणाम ओसरू शकतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी यंत्राविना, चार प्रश्न विचारून कळतात.

यावर जाणकारांचा आक्षेप वजनदार आहे. २००२ साली ‘होप’ या मोठ्या औषध-चाचणीच्या उपअभ्यासात, ॲस्पिरिन घेऊनही ज्यांच्या मूत्रात थ्रॉम्बॉक्सेनचा अवशेष सर्वाधिक होता, त्यांना हृदयविकार, पक्षाघात वा हृदयमृत्यूचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या १.८ पट दिसला. हे मान्यच आहे. पण धोका ओळखता येणं एक आणि त्यावरून औषध बदलल्यानं धोका टळणं दुसरं. फ्रान्समधल्या २०१२ च्या ‘आर्क्टिक’ चाचणीत २,४४० रोग्यांपैकी निम्म्यांचं औषध प्लेटलेट मोजून ठरवलं, उरलेल्यांचं नेहमीप्रमाणे. मोजलेल्यांना जास्त फायदा झाला नाही. ते हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवून घेणारे रोगी होते, पायाचे नव्हेत, हे खरं. पण पायासाठी याहून बळकट पुरावा आणा, मग खर्च सांगा, असं म्हणण्याचा हक्क रोग्याला आहे.

गोळीचा फायदा असतो तो टळलेल्या हृदयविकारात आणि पक्षाघातात, आणि टळलेलं कोणालाच दिसत नाही. तो मोजायला हजारो माणसं लागतात. २००२ च्या एका एकत्रित विश्लेषणात पायाच्या रोहिणीविकाराचे ९,२१४ रोगी होते. प्लेटलेट रोखणाऱ्या औषधांनी त्यांच्यातल्या गंभीर घटना सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्या. उलट स्कॉटलंडच्या २००८ च्या चाचणीत, पायाचं कसलंही लक्षण नसलेल्या मधुमेहींना ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही. म्हणजे आधी मोजायचं ते हे, की गोळी कोणाला हवी.

त्याला साधी तपासणी आहे. रोग्याला दहा मिनिटं उताणं झोपवतात. दंडावर आणि घोट्यावर पट्टा बांधून, पेनाएवढ्या डॉप्लरनं रोहिणीचा आवाज ऐकत दाब मोजतात आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागतात. दंडाला १४०, घोट्याला ८४, तर उत्तर ०.६. ०.९ किंवा त्याखाली रोहिणी अरुंद. मधुमेहींत रोहिण्या कडक होऊन आकडा खोटा मोठा, १.४ च्या वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. कारखान्यांत कामगारांची आरोग्य तपासणी होते. चाळिशी उलटलेल्या बिडी ओढणाऱ्या आणि मधुमेही कामगारांसाठी तीत ही एवढी भर घालायला हरकत नसावी.

चालण्याचं अंतर मात्र गोळीनं वाढत नाही. ते वाढतं तंबाखू सोडल्यानं आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा नेम महिनोन्‌महिने पाळल्यानं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं, गुडघ्याच्या औषधांसकट, घेऊन जा. घोट्याचा दाब मोजून मागा. आणि पाय दुखतो म्हणून ॲस्पिरिन परस्पर बंद करू नका, सुरूही करू नका.