खेळाचे शास्त्र आणि आपली मुले

(विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. बँकेत क्लार्क आहे, शिक्षण बी. ए. 'बारावीनंतर काय?' यावर बोला असे कार्यकारिणीने सांगितले, म्हणून माझ्याच घरातली गोष्ट सांगतो.

माझी मुलगी शाळेपासून कबड्डी खेळते. बारावी झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची आहे." मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. माझे वडील मुंबईच्या गोदीत ओझी उचलीत. मुलाने खुर्चीत बसून काम करावे म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवले. आता नातीने पुन्हा घाम गाळायचा, आणि तोही पदवीसाठी? "पीटीची बाई होणार का?" असे मी रागाने बोललो. तिने वाद घातला नाही. अभ्यासक्रमाचा कागद माझ्यापुढे ठेवला.

त्यात शरीररचनाशास्त्र होते, शरीरक्रियाशास्त्र होते, आहार, क्रीडा मानसशास्त्र आणि हालचालींचे यंत्रशास्त्र होते. स्नायूला शक्ती कोठून मिळते, धावताना दम का लागतो, उडीवरून उतरताना गुडघा का दुखावतो, हा सारा अभ्यासाचा विषय आहे हे मला प्रथमच कळले. स्नायूंच्या कार्यावरील संशोधनासाठी ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे.

दुसरे उदाहरण मला जास्त लागले. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक सतत जिना चढे-उतरे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. टपाल खात्यातही पायी व सायकलने फिरणारे पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. मीही कारकूनच! मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितले होते, पण मी टाळत होतो. चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात, हे मुलीने समजावले तेव्हा कोठे मी चालू लागलो.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे.

मात्र पालकांनो, डोळे उघडे ठेवून निर्णय घ्या. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न आहे का ते पाहा. शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचे बी. पी. एड. करावे लागते, आणि शाळांतील जागा मोजक्याच असतात. फिजिओथेरपी ही वेगळी पदवी आहे, तिची याच्याशी गल्लत करू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, समाजकल्याणची वसतिगृहे, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, यांची चौकशी प्रवेशाआधीच करा. फॉर्म मुदतीत भरा.

माझी मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे नोकरी कोणती मिळेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक सांगतो. ओझी उचलून उचलून माझ्या वडिलांची कंबर गेली. ओझे उचलताना पाठ कशी ठेवावी, गुडघे कसे वाकवावेत, हे त्यांना कोणी कधी शिकवले नाही. त्यांची नात आज तेच शिकते आहे. तिला नाही म्हणताना मी वडिलांचे कष्ट आठवले होते, आणि आज तिला हो म्हणतानाही तेच आठवतो.

म्हणून मुलांनी वेगळी वाट दाखवली, तर नाही म्हणण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा कागद एकदा वाचा, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम!