लेव्हल २५७

लहानपणी साताऱ्यात एका रुपयासाठी मी बाबांचा खिसा चाचपायचो! पार्लरमध्ये 'मुस्तफा' वाट बघायचा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. एकदा पकडला गेलो, चांगला मार खाल्ला.

त्याहून जुना, १९८०चा पॅक-मॅन. त्यात लेव्हलचा आकडा एकाच बाइटमध्ये ठेवलाय. मावतात फक्त ० ते २५५. त्यामुळे २५६व्या लेव्हलला अर्धा पडदा कचऱ्यानं भरतो, पुढे जाताच येत नाही. म्हणूनच २०१५ साली नाम्कोनं आपल्या शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमध्ये काढलेल्या रेस्टॉरंटचं नाव होतं 'लेव्हल २५७'.

इकडे आलेल्या बाबांना तिथे नेलं. जॉयस्टिक धरली, दोन मिनिटांत हरले. मग हळूच म्हणाले, "अरे, अजून एक रुपया आहे का?"