पण तुलना कुणाशी?

हेडफोन नीट लावा, आज जरा रक्ताबद्दल बोलूया.

आपल्या हाडांच्या आत अस्थिमज्जा असते, म्हणजे बोन मॅरो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळा माल तिथेच तयार होतो. अप्लास्टिक ॲनिमियात हा कारखानाच थंडावतो. मग चालताना दम लागतो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात आणि साधा तापही जिवावर बेततो. हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही बरं का. पॉल एर्लिक यांनी १८८८ साली याचं पहिलं वर्णन केलं, ते एका तरुण गरोदर बाईचं.

पण कारखाना बंद का पडतो? याचा धागा सापडला तो चक्क फसलेल्या उपचारातून. १९७० मध्ये फ्रान्समधले डॉक्टर झॉर्झ माते पेशंटना दुसऱ्याची मज्जा देत होते. ती नाकारली जाऊ नये म्हणून आधी प्रतिकारशक्ती दाबणारं सीरम दिलं. मज्जा काही रुजली नाही, पण काही पेशंटचं स्वतःचं रक्त पुन्हा तयार व्हायला लागलं! म्हणजे बऱ्याचदा आपलीच प्रतिकारशक्ती मज्जेवर उठलेली असते. पुढे घोड्यापासून बनवलेलं एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही जोडी रुळली.

मग आलं एल्ट्रोम्बोपॅग. मूळ काम प्लेटलेट्स वाढवायचं. अमेरिकेत ९२ पेशंटना ते या जोडीसोबत दिलं. २०१७ साली निकाल आला. सर्वांत चांगल्या गटात सहा महिन्यांनी ५८ टक्के लोकांचं रक्त जवळपास नॉर्मल झालं होतं. आधी हा आकडा होता १० टक्के.

फॉरवर्ड करायला झकास हेडलाइन, नाही का? पण मी इथे थांबतो. तुलना कुणाशी केली? तर जुन्या पेशंटांशी. काळ वेगळा, माणसं वेगळी.

म्हणून युरोपात १९७ पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला जुनी जोडी, दुसऱ्याला जोडी अधिक नवं औषध. २०२२ चा निकाल सांगतो, तीन महिन्यांनी पूर्ण प्रतिसाद १० विरुद्ध २२ टक्के.

इथे मुदत तीन महिन्यांची आहे, तिथे सहा होती, त्यामुळे ५८ आणि २२ हे आकडे थेट शेजारी ठेवू नका. पण हा दुपटीचा फरक औषधामुळेच आहे, असं आता छातीठोक म्हणता येतं. आणि ते कळलं कुणामुळे? जीव धोक्यात असतानाही 'माझी चिठ्ठी कुठल्याही गटात जाऊ दे' म्हणणाऱ्या पेशंटांमुळे.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर 'इतके टक्के बरे झाले' असं आलं की एवढंच विचारा, कुणाच्या तुलनेत? आणि हो, उगाच डाग पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर गुगल नंतर करा. आधी डॉक्टरांकडे जा, सीबीसी करून घ्या.

भेटू पुढच्या भागात!