पहिला खोटा आकडा : स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे कृष्णाकाठच्या या सांगलीत मनःपूर्वक स्वागत करतो. नाट्यपंढरी म्हणून हे गाव आपल्याला ठाऊक आहेच. आम्हा व्यापाऱ्यांना ते हळदीचे गाव. शेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. तोंड बंद केलेल्या पेवात काय आहे, ते उघडल्याशिवाय दिसत नसे. 2005च्या महापुरात त्यातली बरीच पेवे निकामी झाली. याच जिल्ह्यात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. माणूस एकतर जन्मजात सज्जन असतो किंवा जन्मजात चोर, असे त्यांनी मानले असते तर ही नेमणूक झालीच नसती.

आपल्या परिषदेचा विषय तिथेच सुरू होतो. धंद्यातला माणूस लबाडी का करतो? लोभ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे.

हैदराबादच्या ‘सत्यम’ या संगणक कंपनीचे उदाहरण घ्या. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक 5,361 कोटी दाखवलेली होती. त्यातले 5,040 कोटी नव्हतेच. एका तिमाहीचा नफा 649 कोटी दाखवला होता, खरा होता 61 कोटी. पण हे सगळे एका रात्रीत घडले नव्हते. राजूंच्याच सांगण्यानुसार सुरुवातीला तफावत किरकोळ होती, ती वर्षानुवर्षे वाढत गेली. आणि हे उघडकीस येण्याच्या चारच महिने आधी याच कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता!

हे फक्त मोठ्यांचे दुखणे नाही. आपण बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो. एखाद्या महिन्यात उचल कमी पडेल असे दिसते. मग विकून गेलेली चाळीस पोती साठ्यात तशीच राहतात. ‘पुढच्या महिन्यात काढून टाकू.’ पुढच्या महिन्यात ती निघत नाहीत, साठ होतात. लिहिणारा दिवाणजी म्हणतो, शेठनी सांगितले. शेठ म्हणतात, सगळेच करतात. हिशेब तपासनीस म्हणतो, मी कागदावरून पाहिले. तिघेही रात्री निवांत झोपतात, कारण कोणीच स्वतःला लबाड समजत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच दाखवून दिले : माणूस आपली नीतिमूल्ये टाकून देत नाही, तेवढ्यापुरती बाजूला ठेवतो. त्यासाठी जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली की पुरते.

यावर शपथा आणि सह्या हा उपाय नव्हे. अर्ज भरण्याआधीच खरेपणाची सही घेतली तर लोक कमी खोटे बोलतात, असे सांगणारा एक शोधनिबंध 2012 साली अमेरिकेत गाजला होता. 2021 मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली. प्रामाणिकपणाच्या अभ्यासालाही मोह सुटत नाही, तिथे आपली काय कथा!

माझे मत स्पष्ट आहे. पेढी वाचते ती मालकाच्या सज्जनपणाच्या भरवशावर नव्हे. ‘शेठ, हा आकडा बरोबर नाही’ असे दिवाणजीला पहिल्याच महिन्यात म्हणता येते आणि त्याची नोकरी जात नाही, तिथे पेढी वाचते. चाळीस पोत्यांची चूक कबूल करायला थोडी लाज पुरते. चार हजार पोत्यांची कबूल करायला तुरुंगाची तयारी लागते. राजूंना 2015 साली सात वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून माझी विनंती आहे, या दोन दिवसांत बड्या घोटाळेबाजांच्या गोष्टी कमी सांगूया. आपापल्या पेढीत वाईट बातमी वरपर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात आणि ती आणणाऱ्याचे काय होते, यावर बोलूया.

आमच्या व्यवस्थेत निवासाचे, भोजनाचे काही उणे राहिले असेल तर तेही आजच सांगा, समारोपाची वाट पाहू नका. कार्यकर्ते रागावणार नाहीत, याची हमी मी देतो. आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो आणि माननीय उद्घाटकांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.